आसरांसाठी ठेवलेली फट

मुलांनो, गेल्या खेपेला तुम्ही सुटीत आलात तेव्हा धाकट्यानं मला विचारलं होतं, "आजी, तू डॉक्टर होतीस की नर्स?" मी "दोन्ही नाही" म्हटलं आणि तेवढ्यात तुमची टॅक्सी दारात आली. उत्तर अर्धंच राहिलं. मला अर्धवट राहिलेलं काही आवडत नाही, हे तुमच्या आईला विचारा. म्हणून या दिवाळी अंकाच्या संपादकांनी "तुमच्या कामाबद्दल काही लिहा" असं म्हटल्यावर मी ठरवलं, लिहायचं ते तुम्हालाच उद्देशून लिहायचं. बाकीच्यांनी वाचलं तर वाचू दे.

मी आरोग्य-प्रचारिका होते. नाव भारदस्त आहे, काम साधं होतं. ज्या घरी बोलावलेलं नाही तिथे जायचं आणि ज्यांनी विचारलेलं नाही त्यांना सांगायचं. तुमचे आजोबा कर्जतला वकिली करत. ते लोकांना सांगायचे, "माझ्याकडे माणसं भांडण घेऊन घरी येतात. हिला बिचारीला भांडण घेऊन दुसऱ्यांच्या घरी जावं लागतं."

हे सगळं एकोणीसशे तीसच्या आगेमागे. मी पुण्याला इंग्रजी शाळेत मॅट्रिकपर्यंत शिकले आणि लग्न होऊन कर्जतला आले. मुंबईतल्या एका सेवाभावी मंडळानं शिकलेल्या बायकांसाठी आरोग्याचा वर्ग काढला. आजोबांनी मला तिथे पाठवलं, आणि परत आल्यावर मंडळानं कर्जत आणि खालापूर यांच्यामधली गावं माझ्या गळ्यात घातली. खोपोलीपर्यंत रेल्वेच्या फाट्याची गाडी होती. त्यापुढे बैलगाडी, आणि बैलगाडी नसेल तिथे पाय. माझ्या पिशवीत उजवीकडे औषधं, डावीकडे पट्ट्या आणि कापूस, मध्ये काचेचा पेला आणि भिंग. अंधारात हात घातला तरी हवी ती वस्तू हाताला लागली पाहिजे, हा माझा नियम. आजोबा त्या पिशवीला "हायकोर्ट" म्हणत, कारण तिथे अपील नव्हतं.

पहिल्या वर्षी मी खुद्द कर्जतमध्येच हिवतापावर काम केलं. डबक्यांवर रॉकेल शिंपडलं की डासांच्या अळ्या मरतात, म्हणून मंडळानं रॉकेलचे डबे पाठवले होते. मी घरोघर जाऊन एकेक बाटली दिली आणि कुठे किती शिंपडायचं ते करून दाखवलं. आठवड्यानं पाहायला गेले तर डबकी जशीच्या तशी आणि सगळ्या आळीत कंदील लख्ख पेटलेले. एका भुसार दुकानदारानं मला समजावून सांगितलं, "बाई, घरात अंधार नि डबक्याला रॉकेल? उद्या तुम्ही गटाराला तूप घाला म्हणाल." त्यानंतर मी रॉकेलमध्ये काजळी मिसळून न्यायला लागले. मग ते दिव्यात चालेना आणि निमूटपणे डबक्यात जाऊ लागलं. आमच्या धंद्यात अक्कल अशी एकेक बाटलीनं येते.

पण मला सांगायचं आहे ते नारूबद्दल.

तुम्ही नारू पाहिला नाही, पाहणारही नाही. तो एक किडा आहे. शिवणाच्या दोऱ्यासारखा बारीक, पांढरा आणि हातभर लांब. माणसाच्या अंगात तो वर्षभर गुपचूप वाढतो आणि मग पायाशी येऊन कातडीतून बाहेर पडायला बघतो. तिथे फोड येतो आणि आगीचा डोंब उसळतो. अशी आग होणारा पाय माणूस कुठे घालणार? गार पाण्यात. पाय पाण्यात गेला की नारू तोंड बाहेर काढून आपली अगणित पिल्लं पाण्यात सोडतो. पाण्यात डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या पाणपिसवा असतात, त्या ही पिल्लं खातात. ते पाणी आपण पितो. पुढच्या साली आपल्या पायाला फोड.

त्यावर औषध नव्हतं. टोक दिसलं की ते काडीला गुंडाळायचं आणि रोज थोडं थोडं ओढून घ्यायचं. घाई केली की नारू तुटतो, आणि तुटला की पाय सुजतो, पिकतो, कधी गुडघा कायमचा आखडतो. लहानपणी मला लोकर गुंडाळून गोळे करायला बसवत तेव्हा मी रडायची. ते शिक्षण असं कामाला आलं.

खालापूरच्या बाजूला, पाताळगंगा नदीपासून थोडं आत, एक गाव होतं. त्याचं नाव सांगत नाही. तिथल्या माणसांची नातवंडं आज नोकऱ्या करताहेत, त्यांना उगाच अवघडल्यासारखं होईल. या गावाची बाव, म्हणजे विहीर, पायऱ्यांची होती. पाण्यापर्यंत सुरेख दगडी पायऱ्या. बाया खाली उतरत, गुडघाभर पाण्यात उभ्या राहून घागरी भरत, तिथेच पाय चोळत आणि तिथेच सासवांच्या तक्रारी करत. नारू निघायचा तो नेमका उन्हाळ्याच्या शेवटी, पेरणी तोंडावर आली की. ऐन कामाच्या दिवसांत गावातली निम्मी माणसं पाय पसरून ओटीवर.

गावामागच्या डोंगराच्या कुशीतल्या ठाकरवाडीत एकालाही नारू नव्हता. त्यांचं पाणी कड्यातून बांबूच्या पन्हाळीनं पडायचं. करवंदं विकायला येणारी एक ठाकरीण गावातल्या बायकांना हसून म्हणायची, "तुमी आपलेच पाय पिता गं!" गावातल्या बायका तिला करवंदांच्या भावावरून झोडायच्या आणि घागरी घेऊन पुन्हा बावीत उतरायच्या.

मंडळाकडे उपाय तयार होता. पायऱ्यांच्या तोंडाशी भिंत घालायची, समोरच्या अंगाला रहाट बसवायचा आणि पाणी वरूनच ओढायचं. माणसाचा पाय पाण्याला लागला नाही की नारूचा फेरा तुटला. चुना आणि गवंडी मंडळाचा, अंगमेहनत गावाची. मी कागदावर चित्र काढून नेलं आणि देवळात सभा घेतली. पोलीस पाटील अध्यक्ष. भला माणूस, पण कुणालाच न दुखवता जगायचं ठरवलेला.

मी काचेच्या पेल्यात बावीचं पाणी भरून उन्हात धरलं. रव्याच्या कणांसारखे ठिपके पाण्यात टुणटुण उड्या मारत होते. भिंगातून सगळ्यांना दाखवलं. मला वाटलं, आता काम झालं.

पुढे बसलेल्या ठमाआजीनं भिंगातून बराच वेळ पाहिलं. गावातल्या बायकांची ती पुढारी. तरुणपणी तुटलेल्या नारूनं तिचा एक गुडघा आखडला होता, पण जीभ अगदी सरळ चालायची.

"पान्यात जीव हाय," ती म्हणाली. "म्हंजे पानी जितं हाय. मेलेलं पानी कोन पितं, बाई?"

सगळी सभा हसली. मीही हसले.

मग तिनं खरा मुद्दा काढला. बावीच्या तळच्या पायरीवर सात शेंदरी दगड होते. त्या साती आसरा, पाण्यात राहणाऱ्या सात देवी. बाळंतीण उठली की तिनं खाली उतरून, पाण्यात पाय ठेवून त्यांची ओटी भरायची. याला पाणी पुजणं म्हणतात. ते झाल्याशिवाय ती घरचं पाणी भरत नाही. "भिंत घातलीत तर आसरा जातील येतील कुठनं? नि आमच्या पोरी पानी पुजतील कुठं?"

पाटलांनी दोन्ही बाजूंना बरं वाटेल असा तोडगा काढला. "भिंत घालू. पन आसरांसाठी एक फट ठेवू. काय बाई, चालंल?"

माझ्या डोळ्यांपुढे पणती ठेवण्याएवढा कोनाडा आला. मी म्हटलं, चालेल. निवांत कर्जतला आले आणि आजोबांना सांगितलं, की लोकांच्या श्रद्धेला धक्का न लावता काम कसं करावं हे वकिलांनी आमच्याकडून शिकावं.

भिंत पुरी झाल्याचा निरोप आला तशी मी पाहायला गेले. रहाट बसला होता, नवा दोर होता. भिंत सरळ, गुळगुळीत, पाहत राहावी अशी. आणि भिंतीच्या मधोमध फट होती. त्या फटीतून एक बाई कमरेवर घागर घेऊन खाली गेली. तिच्या मागून दुसरी. वर येणारी तिसरी त्यांना म्हणत होती, "वाइच सरक गं, अंग घासतंय."

धर्मा गवंडी शेजारी विडी ओढत बसला होता. मी त्याला विचारलं, "धर्मा, ही फट आहे की दरवाजा?"

"आसरा बायका हायत, बाई," तो शांतपणे म्हणाला. "उंदीर नाय."

"पण एवढी मोठी?"

"ठमाआजी हुबी राहून माप देत होती. म्हनली, सात जनी हायत, एकीमागं एक येतील. पन पान्यातल्या बाया, घागर घेऊन येतील का नाय? घागरीला जागा ठेव. मंग कमरेवर घागर घेतलेली बाई धरून माप घेतलं."

"आणि रहाट? त्यावरून कोणी पाणी ओढत नाही?"

"वरडतो तो. नि देवीची वाट उघडी असताना दोर कोन वढील?"

मी रागावले असते, पण धर्मानं सांगितलेलं काम इतकं चोख केलं होतं, की बोलायला जागाच नव्हती. तेवढ्यात सभेनंतर मी घरोघरी वाटलेली पाणी गाळायची फडकी आठवली, म्हणून ती पाहायला वळले. अंगणातल्या प्रत्येक बाळाच्या डोक्यावर मंडळाच्या पांढऱ्या फडक्याचं नवंकोरं टोपडं होतं.

मंडळाला कळवलं तेव्हा उत्तर आलं, की फट बंद करा, नाहीतर रहाट काढून दुसऱ्या गावाला द्या. पावसाला फार दिवस उरले नव्हते. एकदा बाव भरली की भिंतीला हात लावता येणार नव्हता. आणि त्याच दिवसांत येसूचं पाणी पुजणं आलं.

येसू म्हणजे ठमाआजीची धाकटी सून. तिला मुलगा झाला होता आणि सव्वा महिना पुरा होत आला होता. मी घरी गेले तेव्हा ती ओटीवर बसलेली, मांडीवर बाळ, उजवा पाय पुढे पसरलेला. घोट्याशी टपोरा फोड. मी न विचारताच ओळखलं. त्या पायानं ती फटीतून खाली उतरली आणि पाण्यात उभी राहिली असती, तर पुढच्या सालची गावाची बेगमी एका दुपारी झाली असती.

मी तोंड उघडण्याआधीच ती म्हणाली, "बाई, तुमी काय बोलू नका. आदल्या टायमाला मी माहेरच्या नदीवर पानी पुजलं. हितल्या आसरांना भेटलेच नाय. हितं आले नि तीन महिन्यांत पोर गेलं. आवंदा मी बावीतच उतरनार. पाय तुटला तरी उतरनार."

मुंबईच्या वर्गात आम्हाला पुष्कळ शिकवलं होतं. पेल्यातलं पाणी कसं दाखवायचं, तक्ते कसे टांगायचे, हट्टी माणसाशी गोड कसं बोलायचं. पण एक मूल गमावलेली बाई दुसऱ्याला घट्ट धरून बसली असताना तिच्याशी काय बोलायचं, ते शिकवलं नव्हतं. मी तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि खरं तेवढंच सांगितलं. "येसू, तुझ्या पायातला किडा पाण्यात पिल्लं सोडणार. ते पाणी तू पिणार, घरातले सगळे पिणार, आणि अंगावरचं दूध सुटलं की तुझं हे पोरही पिणार."

तिनं बाळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "उतरले नाय तर आसरा नेतील. उतरले तर तुमचा किडा खाईल. मंग मी करू काय? सांगा ना, बाई. तुमी शिकल्याली हाय, सांगा."

ठमाआजी चुलीपाशी उभी होती. तिनं चुलीतलं लाकूड उगाच मागे-पुढे केलं.

शेवटी पाटलांना बोलावलं. ते म्हणाले, "आपन कशाला भांडायचं? आसरांनाच वर आनून बसवलं तर चालंल का, गावदेवीला कौल लावू."

कौल लावणं म्हणजे देवीला विचारणं. गुरव देवीच्या दगडावर दोन्ही अंगांना फुलाची एकेक ओली पाकळी चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी वकिलाची बायको. पुरावा काय आणि साक्षीदार कोण, हे विचारण्याची घरातच सवय. तरीसुद्धा त्या सकाळी देवळाच्या खांबाला टेकून मी त्या उजव्या पाकळीकडे अशी पाहत होते, की मॅट्रिकच्या निकालाचा कागदही मी तसा पाहिला नव्हता.

गुरवानं विचारलं, "आये, आसरांनी बाव सोडून वर यावं असं तुज्या मनात आसंल तर उजवा दे."

बराच वेळ काहीच झालं नाही. मग डावी पाकळी घरंगळली.

येसूनं बाळ उचलून खांद्यावर घेतलं, टाचेवर भार देऊन उभी राहिली आणि बावीच्या दिशेनं लंगडत चालायला लागली. प्रत्येक पावलाला तिचे दात दाबले जात होते. पाटील जमिनीकडे बघत राहिले. मी तिच्यामागे गेले, पण तिला धरून काय सांगणार होते, देव जाणे.

"थांब गं!" ठमाआजी कडाडली. येसू थांबली. आजी आपला ताठ गुडघा ओढत गुरवापुढे जाऊन उभी राहिली. "रं गुरवा, तू बाप्यामानूस, तुला बायांना इचारता येत नाय. बाईला घर सोड म्हनलं तर कोन हो म्हनंल? तुजी बायको म्हनंल? सरक. मी सांगते तसं इचार. म्हन, आयांनो, जल्मभर खाली वलाव्यात बसून कंटालला असाल. वर वट्यावर येऊन बसा. उनात बसा, लेकी-सुनांना बघा. बावीचंच पानी तुमाला रोज वरनं घालू. तुमचं घर तुमचंच हाय, कवा बी जा, कवा बी या."

गुरवानं नव्या पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, तिच्याच शब्दांत, एक शब्द न गाळता.

या खेपेला वाट पाहावी लागली नाही. उजवी पाकळी टपकन पडली.

गुरवानं उजवी पाकळी जरा कमी ओली केली होती का, असं आजोबांनी मला नंतर घरी जेवताना विचारलं. मी सांगितलं, की मी पाहिलं नाही आणि साक्षीला उभी राहणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खा गाव बावीवर. ठमाआजी टोपली घेऊन फटीतून एकटी खाली गेली. वरून पाटील ओरडले, "आजी, समद्या सात आन गं, एखादी राहील मागं!"

"तुज्यासारखी आळशी एक बी नाय त्यांच्यात!" खालून उत्तर आलं.

ती वर आली तेव्हा टोपलीत हिरवे-शेंदरी झालेले सात ओले दगड होते. त्या पायऱ्यांवरून गेलेली ती शेवटची बाई. तिच्या मागे धर्मानं फट बुजवायला घेतली आणि बुजवलेल्या जागेलाच टेकून आसरांसाठी ओटा बांधला. ओट्याचा उतार बाहेरच्या बाजूला असावा, एवढा एकच हट्ट मी धरला. ओला चुना सुकायची वाट न बघता पूजा झाली. रहाट कुरकुरला, पहिली बादली वर आली. ते पाणी आधी आसरांवर आणि मग येसूच्या पायांवर घातलं. ते उतारानं वाहत जाऊन शेजारच्या केळीला मिळालं. येसूनं बाळाचं कपाळ ओट्याला टेकवलं. मग ती मागे वळली आणि मला म्हणाली, "आता बगा माजा पाय." मी पिशवीत डावीकडे हात घातला आणि काडी काढली. तिचा नारू न तुटता निघाला. माझ्या सगळ्या कारकिर्दीत इतक्या सावकाश मी दुसरं काही केलं नाही.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण नारू अंगात वर्षभर राहतो. भिंतीच्या आधी जे पाणी लोक प्यायले होते, त्याचा हिशेब पुढच्या उन्हाळ्यात व्हायचाच होता. मी हे सभेत सांगितलं होतं, घरोघर सांगितलं होतं. "एक साल अजून निघेल, त्याच्या पुढच्या साली नाही." लोकांनी त्यातलं "नाही" तेवढं लक्षात ठेवलं.

पुढच्या वैशाखात पुन्हा फोड उठले. येसूचा नवरा गोमा, त्याला दोन्ही पायांना. तो काठी टेकत माझ्यासमोर आला. "बाई, पायऱ्या घालवल्यात, बायकांच्या हाताला रहाटाचे घट्टे पडले, नि नारू हायच की! तुमची भिंत तुमी घेऊन जा." त्याच्या मागे चार-पाच जण पहारी घेऊन उभे. मी पुन्हा समजावायला लागले. पेला काढला, भिंग काढलं. कोण बघतंय!

ते तसेच बावीवर गेले. ठमाआजी आसरांच्या ओट्याशी नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं पहारी पाहिल्या आणि जागची हललीसुद्धा नाही.

"फोडा की," ती म्हणाली. "पन भिंत ह्यांच्या पाठीशी हाय. आधी ह्या सात जनींना उठवा. कौल कोन लावतंय? गोमा, तू लावतोस?"

गोमानं एकदा दगडांकडे पाहिलं, एकदा आईकडे. दोन्हींपैकी कुणाची भीती जास्त वाटली, ते त्यालाच माहीत. पहार खांद्यावर टाकून तो घरी गेला. मंडळाच्या भिंतीला असे चौकीदार मिळतील, हे कुठल्याही तक्त्यावर लिहिलेलं नव्हतं.

मला हळहळ वाटते ती दोन गोष्टींची, ती इथेच सांगते. एक म्हणजे नदीकाठची कातकरवाडी. त्यांना बावीवर येऊ देत नसत. ते डोहाचं पाणी प्यायचे. भिंतीनं त्यांचं काहीच भलं झालं नाही. मी मंडळाला विचारत राहिले, उत्तर येत राहिलं, "पुढे पाहू." मी त्यांना फडकी दिली, गाळायला शिकवलं, तेवढंच. दुसरी गोष्ट लहान आहे. पायऱ्यांवर बसून बायकांना जे बोलता यायचं, ते रहाटावर येत नसे. रहाट एकीचा असतो आणि उभ्यानं ओढायचा असतो. गावात त्यांना बसायला तेवढीच एक जागा होती. पुढे त्या आसरांच्या ओट्याशी बसू लागल्या, पण तिथे देवींच्या समोर सासूबद्दल मोकळेपणानं बोलता येत नाही, असं मला एका सुनेनं सांगितलं.

त्यानंतरच्या वर्षी, आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत, सरकारी आरोग्य खात्याचे एक अधिकारी मुंबईहून आले. त्यांना नारूचे रोगी पाहायचे होते. कर्जतला गाडीतून उतरल्या उतरल्या त्यांनी सांगितलं, की वेळ थोडा आहे, रोगी एका ठिकाणी जमवून ठेवा. चार-दोन जुने रोगी अजून उरले असतील असं वाटून मी त्यांना याच गावात नेलं. दोन वर्षांपूर्वी तिथे जमवायची गरजच नसे.

गावात शिरलो तर कोणी नाही. दारांना कड्या. ओट्या रिकाम्या, एक कुत्रं तेवढं झोपलेलं. साहेब छत्री टेकून उभे राहिले. "बाई, रोगी कुठे आहेत?" पावलं झपाझप टाकत मी ठमाआजीच्या घराकडे गेले. ती अंगणात बसून नातवाला कवेत धरायच्या प्रयत्नात होती, आणि नातू सुटायच्या.

"आजी, माणसं कुठं गेली?"

"कुठं जातील? आवनी नाय का चाललेली? समदी शेतात हुबी हायत, गुडघाभर चिखलात."

"आणि नारूचे?"

"कोन नारूचं?" तिनं साहेबांकडे पाहिलं आणि आपला ताठ पाय पुढे केला. "बसलेलं मानूस पायजे तर मी एकटी हाय गावात. हा बगा माजा. लई जुना हाय, पन बगा."

साहेबांनी वाकून तो पाय पाहिला, सभ्य गृहस्थ होते, आणि मग घड्याळ पाहिलं. परतीच्या गाडीला अजून अवकाश होता. आम्ही बांधाच्या वाटेनं निघालो. शेतं माणसांनी भरली होती. ओळीनं पाठी वाकलेल्या, आवणीची गाणी चाललेली. गोमा औत हाकत होता. येसू पोटऱ्या झाकतील एवढ्या चिखलात उभी राहून रोपं लावत होती. मला पाहून ती सरळ झाली, हातानं कपाळ पुसलं आणि कपाळालाच चिखल लावून घेतला.

"बाई, आज कशाला आलात?" ती तिथूनच ओरडली. "आज कुनाला बी येळ नाय! नुसतं बगायचं आसंल तर उद्या या. लावायला येत आसाल तर या आताच!"

साहेब बांधावर थांबले. मी चपला काढल्या, त्यांच्या छत्रीशेजारी नीट जोडीनं ठेवल्या, पदर खोचला आणि खाली उतरले.